लोखंडाची कोय, कोळशाची साल

लोखंडाचे दोन क्षार पाण्यात विरघळवले की पिवळट-केशरी द्रावण तयार होतं. त्यात अमोनिया ओतायचा. मला वाटलं होतं, हळूहळू रंग बदलेल, आधी तपकिरी होईल, मग गडद. तसं काही झालं नाही. पापणी लवायच्या आत सगळं बीकर शाईसारखं काळं झालं आणि मी दचकून दोन पावलं मागे सरकले. एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाची गोष्ट. आमच्या प्रयोगशाळेतले काका शांतपणे आले, जुन्या स्पीकरमधून काढलेलं चुंबक त्यांनी बीकरच्या बुडाला लावलं. अर्ध्या मिनिटात सगळा काळा रंग तळाला जाऊन बसला आणि वर नितळ पाणी उरलं. "झालं तुझं मॅग्नेटाइट," काका म्हणाले, "वरचं पाणी ओत आणि पुन्हा धू."

हे आठवायचं कारण माझी मावशी. गेल्या महिन्यात तिने मला व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला एक मजकूर पाठवला. चुंबकाचे अतिसूक्ष्म कण गाठीत सोडायचे, वरून लेझर मारायचा, दहा मिनिटांत कॅन्सर जळून खाक. खाली तिचा प्रश्न: "तू असलंच काहीतरी काळं काळं करायचीस ना गं? खरं आहे का हे?" मावशी स्वतः चार वर्षांपूर्वी स्तनाच्या कॅन्सरमधून बाहेर पडली. शस्त्रक्रिया, केमो, पंचवीस वेळा रेडिएशन, सगळं झालंय तिचं. त्यामुळे "फॉरवर्ड आहे, सोडून दे" म्हणून तिला उडवून लावणं मला जमेना. फोनवर तासभर बोललो. त्यातलं बरंचसं इथे मांडते.

कण कसा असतो ते आधी. आंबा डोळ्यासमोर आणा, पण गर काढून टाकलेला. आत कोय, बाहेर थेट साल. कोय लोखंडाच्या ऑक्साइडची, म्हणजे मॅग्नेटाइटची, आणि साल कार्बनची. कोय चुंबकाला ओढली जाते, साल प्रकाश पिऊन तापते. एवढंच यंत्र. आकार म्हणाल तर कोय साधारण १० ते १५ नॅनोमीटर. आपल्या डोक्याचा केस ढोबळमानाने ८०,००० नॅनोमीटर जाड असतो, म्हणजे केसाच्या जाडीत अशा पाच ते आठ हजार कोयी शेजारी शेजारी उभ्या राहतील.

मॅग्नेटाइट काही परकं नाही. सह्याद्रीचा काळा पाषाण झिजून नदीत येतो, त्या वाळूत लहानपणी चुंबक फिरवलं असेल तर त्याला फुटलेल्या काळ्या मिशा आठवतील. त्यात मॅग्नेटाइटच भरपूर असतं. मग ती वाळूच बारीक दळून का वापरत नाहीत? १९६३ साली नासातल्या स्टीफन पॅपेल यांनी जवळपास तेच केलं होतं. अंतराळात वजन नसताना रॉकेटचं इंधन चुंबकाने ओढून नेता यावं म्हणून त्यांनी मॅग्नेटाइट दिवसेंदिवस दळून तेलकट द्रवात मिसळलं. पण दळून एकसारखे कण मिळत नाहीत, आणि शरीरात सोडायचे तर कण एकसारखे हवेत. म्हणून ते मोठ्याचं लहान न करता अणूंपासून उभे करतात. फ्रान्समधल्या रने मासार यांनी १९८१ साली पाण्यातली जी पद्धत मांडली, तीच आजही जगभरच्या प्रयोगशाळांत पहिल्या आठवड्यात शिकवतात. फेरस क्लोराइडचा एक भाग, फेरिक क्लोराइडचे दोन, आणि अमोनियासारखा अल्कली. मॅग्नेटाइटच्या रचनेत दोन्ही प्रकारचं लोखंड याच प्रमाणात असतं, म्हणून मिश्रणातही तेच प्रमाण.

वाचायला सोपं आहे, पण हवा घात करते. फेरस लोखंडाला ऑक्सिजन मिळाला की ते फेरिक होतं आणि एकास दोनचा हिशोब बिघडतो. त्यासाठी पाणी आधी उकळून त्यात नायट्रोजनचे बुडबुडे सोडत राहायचे. एकदा नायट्रोजनचा सिलिंडर मधेच संपला आणि मला ते कळलंच नाही. त्या दिवशी बीकरमध्ये जे निघालं ते चहाच्या चोथ्यासारखं तपकिरी होतं आणि चुंबकाकडे आळसावून सरकत होतं. सरळ ओतून दिलं. आजही एखाद्या शोधनिबंधात "काळा अवक्षेप मिळाला" असं वाचलं की मला तो चोथा आठवतो.

आता इतक्या लहान आकाराचा आग्रह कशासाठी, ते सांगते, कारण सगळी मेख तिथे आहे. नेहमीचं चुंबक स्वतःचं उत्तर-दक्षिण कायम धरून असतं. असे कण रक्तात सोडले तर ते एकमेकांना चिकटून गुठळ्या होतील आणि बारीक रक्तवाहिन्या तुंबतील. पण मॅग्नेटाइटचा कण वीसेक नॅनोमीटरच्या आत आला की वेगळंच घडतं. भोवतालच्या साध्या उष्णतेनेच त्याची चुंबकीय दिशा उलटसुलट होत राहते. १० नॅनोमीटरच्या कणात ती काही नॅनोसेकंदांत पालटते. इतक्या भरभर तोंड फिरवणारा कण बाहेरून चुंबक नसल्यासारखाच वागतो. चुंबक जवळ आणलं की सगळे एका दिशेला वळतात, जोरात ओढले जातात. चुंबक दूर नेलं की पुन्हा आपापले मोकळे. गणपतीच्या आरतीला "सुखकर्ता" सुरू होताच सगळं घर देवाकडे तोंड करून उभं राहतं आणि "मंत्रपुष्पांजली" संपताच ज्याचा तो प्रसादाकडे वळतो, तसं काहीसं. याला सुपरपॅरामॅग्नेटिझम म्हणतात. त्यामागचं गणित मांडणाऱ्यांत फ्रेंच शास्त्रज्ञ लुई नेएल होते. चुंबकत्वावरच्या कामासाठी त्यांना १९७० चं नोबेल मिळालं.

कोय झाली. आता साल.

उघडं मॅग्नेटाइट फार दिवस टिकत नाही. हवेत हळूहळू तपकिरी पडतं, आम्लात विरघळतं. पेशीच्या आत जी पचनाची पिशवी असते तिथलं वातावरण आम्लच असतं. शिवाय ते काळं असलं तरी लेझरचा प्रकाश पिण्यात कार्बनइतकं पटाईत नाही. प्रकाशाने तापवायला सोन्याचे नॅनोकण खूप वापरले गेलेत, पण सोनं महाग, आणि सोन्याच्या नॅनोकांड्यांवर तीव्र लेझर पडला की त्या वितळून गोल होतात आणि मग तो प्रकाश पकडेनाशा होतात. कार्बनला तसली नखरेबाजी नाही. निरांजनाच्या ज्योतीवर तूप माखलेली वाटी धरून आजी काजळ धरायची, ते काजळ म्हणजे काही दशक नॅनोमीटरचे कार्बनचे कणच. इतकं काळं दुसरं काय असतं घरात!

पण काजळ लोखंडाच्या कणावर लिंपायचं कसं? सगळ्यात सोपी वाट साखरेची आहे, आणि मावशीला हा भाग फार आवडला, कारण तिचं माहेर गुऱ्हाळाचं.

मॅग्नेटाइटचे कण आधी सायट्रिक आम्लाने धुतात, म्हणजे लिंबूसत्वाने, म्हणजे ते पाण्यात सुटे राहतात. मग त्यात ग्लुकोज विरघळवायचं. हे मिश्रण टेफ्लॉनच्या भांड्यात, ते भांडं जाड स्टीलच्या आवरणात, वर आटे असलेलं झाकण, आणि सगळं मिळून भट्टीत १८० अंश सेल्सिअसला काही तास. याला ऑटोक्लेव्ह म्हणतात. कुकरचाच थोरला भाऊ समजा. घरचा कुकर १२० अंशांच्या आसपास शिट्टी देतो, तेव्हा आत बाहेरच्या हवेच्या दुप्पट दाब असतो. १८० अंशांना पाण्याच्या वाफेचा दाब बाहेरच्या हवेच्या दहापट होतो. शिट्टी नाही, त्यामुळे भांडं दोन-तृतीयांशाच्या फार वर भरायचं नाही आणि गार व्हायच्या आत झाकणाला हात लावायचा नाही. आम्ही रात्री भट्टी बंद करून घरी जायचो आणि सकाळी उघडायचो.

आत काय होतं? पाक जास्त वेळ आटवला तर एकतारीचा दोनतारी होतो, मग गोळीबंद, आणि लक्ष नसेल तर करपतो. साखरेच्या रेणूंतून पाणी निघून जातं आणि उरलेले सांगाडे एकमेकांत गुंतत जातात. ऑटोक्लेव्हमध्ये हेच पाण्यात बुडून होतं, हवेशिवाय. गुंतलेले सांगाडे पाण्यात राहू शकत नाहीत, टेकायला पृष्ठभाग शोधतात, आणि मॅग्नेटाइटचे कण समोरच असतात. त्यांच्यावर थर चढतो. दाबाखालच्या गरम पाण्यात वनस्पतींचा कोळसा करायची युक्ती जुनी आहे. जर्मनीच्या फ्रीडरिश बेर्गिउस यांनी १९१३ च्या सुमारास तिचा अभ्यास केला होता. पुढे उच्च दाबाच्या रसायनशास्त्रासाठी १९३१ चं नोबेल त्यांना विभागून मिळालं. ग्लुकोजपासून नॅनो आकाराचे एकसारखे गोळे करायची कृती मात्र २००४ साली बीजिंगच्या त्सिंगहुआ विद्यापीठातून आली, आणि त्यानंतर जगभर साखरेची पोती उघडली गेली.

सालीची जाडी ग्लुकोजवर आणि वेळेवर ठरते. ग्लुकोज कमी पडलं तर साल भोकाभोकांची होते. जास्त झालं तर लोखंडाची वाट न बघता साखर स्वतःचेच गोळे वळायला लागते आणि आत कोय नसलेल्या नुसत्या कोळशाच्या गोळ्या तयार होतात. इथे आमचं स्पीकरचं चुंबक कामाला यायचं. बाटलीच्या बाजूला ते लावून ठेवलं की कोयवाले कण भिंतीला चिकटतात आणि पोकळ मिजाशीचे गोळे पाण्यात तरंगत राहतात. ते पाणी ओतून द्यायचं, अल्कोहोलने धुवायचं, पुन्हा चुंबक. धुण्याचं पाणी स्वच्छ येईपर्यंत. माझ्या वहीत एके दिवशी सतरा धुण्यांची नोंद आहे.

अजून काम संपलेलं नाही, कारण १८० अंशांना मिळतो तो पक्का कोळसा नव्हे. त्यात ऑक्सिजन आणि हायड्रोजन बरेच उरलेले असतात, रंगही काळ्यापेक्षा तपकिरीकडे झुकतो. लेझरचा प्रकाश नीट प्यायचा तर कार्बनचे अणू ग्रॅफाइटसारखे षटकोनी जाळीत बसायला हवेत. त्यासाठी भुकटी नायट्रोजन किंवा आरगॉन वायूत ५०० अंशांच्या आसपास भाजतात. आणखी तापवलं तर जाळी आणखी चांगली होईल, पण ६००-७०० अंशांच्या पुढे कार्बन आपल्याच कोयीतला ऑक्सिजन ओढायला लागतो आणि मॅग्नेटाइटचं शुद्ध लोखंड व्हायला सुरुवात होते. पोलादाच्या कारखान्यात खनिजापासून लोखंड काढतात ते मुळात असंच. शुद्ध लोखंडाचं चुंबकत्व मॅग्नेटाइटच्या दुपटीहून जास्त, त्यामुळे काही जण मुद्दाम तिथवर जातात. पण त्या लोखंडाला सालीत एखादी फट मिळाली तर ते झपाट्याने गंजतं. मला तरी हा सौदा पटला नाही.

एक वेगळी वाटही आहे, तिला साखर लागतच नाही. फेरोसीन नावाचं नारिंगी संयुग आहे, १९५१ साली सापडलेलं. कार्बनच्या दोन पंचकोनी चकत्यांच्या मधोमध लोखंडाचा एक अणू. ते अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवून त्यात हायड्रोजन पेरॉक्साइड घालायचं आणि ऑटोक्लेव्हमध्ये २०० अंशांना ठेवायचं. रेणू फुटतो, लोखंड मध्ये गोळा होतं, कार्बन भोवती बसतो. कोय आणि साल एकाच भांड्यात, एकाच रेणूतून. कृती देखणी आहे, पण सालीची जाडी हवी तशी राखणं साखरेच्या वाटेने जास्त सोपं जातं.

साल खरोखर चढली की नाही, हे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या चित्रात दिसतं: गडद ठिपका आणि भोवती फिकट कडं. पण ते यंत्र दुसऱ्या संस्थेत, त्याची पाळी महिन्याने. आमच्याकडे गरिबाची चाचणी होती. दोन परीक्षानळ्या, दोन्हीत हायड्रोक्लोरिक आम्ल. एकीत उघडं मॅग्नेटाइट टाकायचं, दुसरीत साल चढवलेलं. रात्रभर ठेवलं की पहिलीतलं काळं नाहीसं होऊन आम्ल पिवळं झालेलं असायचं, लोखंड विरघळल्याची खूण. दुसरी काळीच्या काळी आणि वरचं आम्ल बिनरंगाचं असेल, तर साल अखंड. जरा जरी पिवळसर झाक आली तरी कुठेतरी भोक आहे. त्या पिवळ्या झाकेने माझ्या दोन महिन्यांची माती केली होती.

आता प्रकाशाकडे वळू. मोबाइलचा टॉर्च बोटाखाली धरून पाहिला असेल तर बोट लाल दिसतं हे ठाऊक असेल. पांढऱ्या प्रकाशातला निळा-हिरवा भाग रक्त पिऊन टाकतं, लाल आरपार येतो. लालच्या पलीकडे, डोळ्याला न दिसणारा अवरक्त प्रकाश मांसातून आणखी आत शिरतो. फार पुढे गेलं तर शरीरातलं पाणीच तो शोषायला लागतं. रक्त आणि पाणी यांच्यामधली ही फट ढोबळमानाने ६५० ते ९५० नॅनोमीटर तरंगलांबीची. टीव्हीचा रिमोट याच पट्ट्यातला प्रकाश टाकतो. या उपचाराच्या प्रयोगांत बहुतेक वेळा ८०८ नॅनोमीटरचा लेझर असतो.

कार्बनच्या जाळीतले मोकळे इलेक्ट्रॉन हा प्रकाश पितात. पिऊन चमकत नाहीत, जाळीला हादरे देतात, आणि ते हादरे म्हणजेच उष्णता. मे महिन्यात डांबरी रस्त्यावर अनवाणी पाय टेकला की जे कळतं तेच. लेझरखाली ठेवलेल्या माझ्या नळीत साध्या पाण्याचं तापमान दहा मिनिटांत दोन-तीन अंश चढायचं. कण घातलेल्या नळीत वीस अंशांहून जास्त.

किती ताप पुरतो? ४३ अंशांच्या वर दर अंशागणिक लागणारा वेळ निम्मा होतो, असा एक अनुभवसिद्ध नियम १९८४ मध्ये सापारेतो आणि ड्युई यांनी मांडला. ४३ अंशांना तासभर जे नुकसान होतं, ते ४४ ला अर्ध्या तासात आणि ४५ ला पंधरा मिनिटांत. पन्नाशी ओलांडली की काही मिनिटंच पुरतात. पेशीतली प्रथिनं अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखी गोठतात. गाठीतल्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या असल्याने उष्णता वाहून नेण्यात ती निरोगी मांसापेक्षा कमी पडते, हेही पथ्यावर पडतं. पण कॅन्सरच्या पेशी वेगळ्या ओळखून फक्त त्यांनाच जाळायची अक्कल उष्णतेला नसते. जिथे कण, तिथे ताप. म्हणून कण कुठे पोचतात यावर सगळं अवलंबून.

मावशीने मधेच विचारलं, "म्हणजे हे रेडिएशनच की!" नाही. रेडिएशनचे किरण डीएनए तोडतात. इथे नुसती शेकोटी आहे. प्रकाशाने उपचाराचा एक दुसरा प्रकारही आहे, त्यात ताप नसतो. प्रकाशाने जागं होणारं औषध ऑक्सिजनला इतकं आक्रमक करतं की तो पेशी पोखरतो. पांढऱ्या डागांवर बावची लावून उन्हात बसायचा आपल्याकडचा जुना उपाय औषध आणि प्रकाश यांच्या अशाच जोडीचा, फक्त बावचीतला सोरालेन वेगळ्या वाटेने काम करतो. म्यूनिकमध्ये ऑस्कर राब या विद्यार्थ्याला १९०० च्या सुमारास दिसलं की अ‍ॅक्रिडीन रंगाच्या पाण्यातले पॅरामेशियम हे एकपेशीय जीव उजेडात मरतात आणि अंधारात जगतात. त्यातून निघालेलं फोटोफ्रिन हे औषध १९९३ मध्ये कॅनडात मूत्राशयाच्या कॅन्सरसाठी मान्य झालं. आपल्या कार्बनच्या सालीवर असली औषधं चिकटवून ताप आणि ऑक्सिजन दोन्ही एकदम वापरायचे प्रयोग भरपूर झालेत.

मग चुंबकाचं काय काम? धुताना होतं ते पाहिलंच. शरीरात त्याचं खात्रीचं काम एमआरआयमध्ये. हे कण जिथे जमतात तिथे चित्र काळं पडतं, म्हणजे लेझर लावण्याआधी कण पोचले की नाही ते दिसतं. बाहेरून चुंबक धरून कण गाठीकडे ओढणं ऐकायला झकास वाटतं, पण चुंबकाची ओढ अंतराबरोबर फार वेगाने घटते. उंदराच्या कातडीखालच्या गाठीपाशी जमतं. माणसाच्या यकृतात, फुफ्फुसात, विसरा. लेझर न वापरता बाहेरून उलटसुलट चुंबकीय क्षेत्र लावून लोहकण तापवणं ही आणखी निराळी पद्धत. बर्लिनच्या मॅगफोर्स कंपनीच्या अशा उपचाराला मेंदूच्या गाठींसाठी २०१० मध्ये युरोपात परवानगी मिळाली. तिथे कण सुईने थेट गाठीत टोचायचे, आणि त्याला कारण आहे.

कारण हे, की रक्तातून सोडलेले कण गाठीपर्यंत फारसे पोचतच नाहीत. टोरांटोच्या वॉरन चॅन यांच्या गटाने २०१६ मध्ये आधीच्या दहा वर्षांतले ११७ शोधनिबंध चाळले आणि हिशोब मांडला: मध्यक आकडा ०.७ टक्के. हजार कण सोडले तर सात गाठीत. बाकीचे? बरेचसे यकृत आणि प्लीहेच्या पोटात. तिथल्या भक्षक पेशींचं कामच रक्तातला असा कचरा गिळण्याचं आहे आणि त्या ते चोख बजावतात. आम्ही कणांवर पॉलिइथिलीन ग्लायकॉलचा मऊ झगा चढवून त्यांना चकवायला बघतो, थोडा वेळ चकतातही.

त्या फॉरवर्डमध्ये न सांगितलेल्या आणखी दोन गोष्टी. उंदरांवरच्या पुष्कळ प्रयोगांत लेझर दर चौरस सेंटिमीटरला एक-दोन वॅटचा असतो, तर ८०८ नॅनोमीटरला माणसाच्या त्वचेसाठी सुरक्षित मानलेली मर्यादा साधारण ०.३३ वॅट आहे. आणि रक्त-पाण्यामधली ती फट कितीही सोयीची असली तरी प्रकाश मांसात फार तर सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर कामाचा राहतो. खोल गाठीसाठी प्रकाशाची तार आतच घालावी लागते. तसं माणसावर झालंही आहे: अमेरिकेत राइस विद्यापीठात जन्मलेले, वर सोनं चढवलेले सिलिकाचे कण वापरून प्रोस्टेट कॅन्सरच्या १६ रुग्णांवरची पहिली चाचणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. तिथे कण शिरेतून दिले होते आणि लेझरच्या तारा थेट ग्रंथीत. निकाल आशा वाटावी असे होते, पण ते सोन्याचे कण. कोळशाची साल आणि लोखंडाची कोय असलेला कण अजून कुठल्याही रुग्णालयात कॅन्सरवरचा मंजूर उपचार म्हणून मिळत नाही. कोणी पैसे घेऊन देतो म्हणाला तर दाराबाहेर काढा.

सुटेसुटे पाहिले तर दोन्ही घटक शरीराला अगदीच अनोळखी नाहीत. लोह ऑक्साइडचं फेरुमॉक्सिटॉल हे इंजेक्शन मूत्रपिंडाच्या रुग्णांच्या रक्तक्षयासाठी अमेरिकेत २००९ पासून दिलं जातं. शरीर ते फोडतं आणि त्यातलं लोह हिमोग्लोबिनसाठी वापरतं. कार्बनच्या सूक्ष्म कणांचं इंजेक्शन चीनमधले शल्यचिकित्सक थायरॉइडसारख्या शस्त्रक्रियेत लसिकाग्रंथी काळ्या रंगवून ओळखायला वापरतात. पण दोन्ही एकत्र आले की एक पेच उभा राहतो, आणि तो मला परीक्षानळी हातात असताना कधी सुचला नव्हता. ज्या आम्लाच्या चाचणीत पास झाल्यावर आम्ही पेढे वाटायचो, तीच चाचणी सांगते की पेशीच्या पचनाच्या पिशवीलाही हा कण फुटणार नाही. लोह आत अडकलेलं, त्यामुळे शरीराला ते वापरताही येत नाही. मूत्रपिंडातून बाहेर पडायला कण सहाएक नॅनोमीटरच्या आत लागतो. साल धरून आपला त्याच्या कितीतरी पट.

म्हणून आता काही जण मुद्दाम भोकाभोकांची साल करतात, आम्ही ओतून द्यायचो तशी, म्हणजे लोह हळूहळू झिरपून जाईल. काहींनी कार्बनच सोडून दिला. पवईच्या आयआयटी मुंबईने खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक या कॅन्सर संशोधन केंद्राबरोबर २०१५ मध्ये दाखवलेले कण मेदाच्या फुग्यावर सोन्याचा मुलामा दिलेले होते. काम झालं की त्यांचे बारीक तुकडे व्हावेत आणि ते यकृत-मूत्रपिंडांवाटे निघून जावेत, अशी त्यांची रचना. तेही उंदरांवर.

माझ्या टेबलाच्या खणात अजून दोन बाटल्या आहेत, त्याच वर्षीच्या. उघड्या मॅग्नेटाइटची केव्हाच विटकरी पडली. साल चढवलेली मी व्हिडिओ कॉलवर मावशीला दाखवली. बाहेरून चुंबक फिरवलं तसा काळा ठिपका काचेवरून मागे मागे आला, अगदी पहिल्या दिवशीसारखा. नऊ वर्षं झाली, एक कण विटला नाही, मी जरा अभिमानानेच म्हणाले.

मावशीने चष्मा वर सरकवला, स्क्रीनच्या जवळ आली आणि म्हणाली, "बाटलीत नऊ वर्षं, ते कळलं. माझ्या पोटात किती?"